पांढऱ्या कुंडावरची धाव

मक्याचा स्टार्च दुकानातल्या पिशवीत असतो तेव्हा अगदी गरीब गाय. त्याचा खरा स्वभाव बघायचा असेल तर दोन वाट्या स्टार्च आणि एक वाटी गार पाणी एका भांड्यात कालवावं. बोट हळूच टाकलं तर ते सरळ तळाला जातं. त्याच भांड्यात बुक्की हाणली तर ती वरच्यावर आपटते आणि हाणणाऱ्याचीच बोटं झिणझिणतात. मुठीत घेऊन वळत राहिलात तर त्याचा गोळा होतो. वळायचं थांबलात की तोच गोळा बोटांच्या फटींतून गळून जातो. यात जादूटोणा काही नाही. गार पाण्यात स्टार्चचे कण विरघळत नाहीत, नुसते खेटून उभे राहतात. हळू सरकवलं तर एकमेकांना वाट देतात. एकदम रेटलं तर मधलं पाणी बाजूला होतं आणि कणात कण अडकून बसतो. भरल्या सभागृहात आगीची हूल उठली की दारात माणसांचं जे होतं, तेच.

घरी हे सगळं भांड्यात असतं, म्हणून गंमत वाटते. कारखान्यात त्याचं कुंड होतं.

लांबलचक शेडच्या मधोमध ते काँक्रीटचं कुंड होतं, दोन ट्रक एकामागे एक उभे राहतील एवढं लांब आणि मधे माणूस उभा बुडेल एवढं खोल. भरडलेला मका धुऊन निघालेलं पाणी त्यात सोडत. सत्त्व खाली बसे, वरचं पाणी काढून टाकत, आणि उरलेलं पुन्हा ढवळून पंपाने सुकवणखान्यात पाठवत. ढवळणं संपल्यापासून पंप लागेपर्यंत, रोज सकाळी थोडा वेळ, कुंडात नेमका तो भांड्यातला दाटपणा येई. कामगार त्याला नुसतं ‘पांढरं’ म्हणत. आज पांढरं बरं आहे, आज पांढरं पातळ आहे, असं. आणि पांढरं बरं असलं की त्याच्यावरून माणूस धावू शकतो, हा शोध कुणीतरी रिकामटेकड्याने फार पूर्वी लावला होता.

शोध लागला की त्याची रीत व्हायला वेळ लागत नाही. नवा माणूस कामाला लागला की तो कुंडावरून धावे. मोठ्या आजारातून कुणी उठून आला की तोही धावे. डॉक्टरने कागदावर काहीही लिहिलेलं असो, कुंड ओलांडलं की गडी बरा झाला, नाही ओलांडलं तर अजून कच्चा, असा तिथला कायदा. धावायचे नियमही ठरलेले होते. पाऊल सपाट आणि जोरात टाकायचं. नजर समोरच्या भिंतीवर ठेवायची. मधे थांबायचं नाही. आणि काठावरच्यांनी शिट्ट्या मारा, टाळ्या पिटा, पण धावणाऱ्याला हाक मारायची नाही, कारण हाक मारली की माणूस वळून बघतो.

काठाजवळ थांबलेले बरेच होते. ते गुडघ्याएवढे रुतत, लोक पोट धरून हसत, मग गडी मागे टेकून एकेक पाय लोण्यातल्या केसासारखा सोडवून घेई. मधोमध आजवर कुणी थांबलं नव्हतं.

या कुंडाचा राजा म्हणजे वस्ताद. तरुणपणी पैज लावून, पाठीवर एका मित्राला घेऊन तो कुंड ओलांडून गेला होता, तेव्हापासून त्याचं हे नाव पडलं. त्याची बायको सुकवणखान्यात होती. गरम हवेच्या खोलीत ताटं उलटीपालटी करायची, दिवसभर भुवया पांढऱ्या करून घ्यायच्या, हे तिचं काम. अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणे. आपणही तेच म्हणू.

वस्ताद मनाचा राजा होता, आणि राजा कुणाचं ऐकत नसतो. स्वेटर घाला म्हटलं की शर्टाची बटणं उघडी टाकून फिरणार. जिना हळू उतरा म्हटलं की दोन पायऱ्या एकदम. खोकला वाढलाय, दाखवून या, असं वहिनीने सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. हा गेला तो स्ट्रेचरवरूनच गेला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. महिनोन्‌महिने अंथरुणात काढले आणि उठला तेव्हा गालांची हाडं वर आली होती. वहिनी त्या दिवसांत रात्ररात्र त्याचा श्वास ऐकत बसे. इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं, तिला वाटे, निदान आता तरी घडा सुलटा होईल.

कामावर परतल्यावर मुकादमाने त्याला पोती शिवायच्या मशीनवर बसवलं. मुकादम वाईट माणूस नव्हता, वस्तादचा जुना दोस्तच होता. पाठीवरून कुंड पार केलेला मित्र तोच. पण पोती शिवणं हे स्टुलावर बसून करायचं काम. येणारेजाणारे म्हणत, “काय वस्ताद, आता आम्हाला उशांचे अभ्रे शिवून द्या.” वस्ताद हसे आणि घरी येऊन भाकरतुकडा न खाता भिंतीकडे तोंड करून पडे.

“तुम्ही धावणार नाही आहात,” वहिनी सकाळी डबा भरताना म्हणाली.

“मी कुठे म्हटलं धावणार म्हणून?”

“माझ्याकडे बघून सांगा.”

“नाही धावणार गं बाई. स्टुलावर बसून सुई टोचणार. झालं समाधान?”

हे तो बुटाच्या नाडीकडे बघून म्हणाला. वहिनीला ते कळलं, पण कामाची वेळ झाली होती आणि भांडायला सवड नव्हती.

ऊन वर आलं तेव्हा सुकवणखान्याचं दार उघडून वजनकाट्यावरची बाई आत डोकावली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. “वहिनी, अहो ताटं सोडा ती! वस्ताद धावतायत! मुकादम म्हणाला, एकदा ओलांडून दाखव, उद्यापासून कुंडावर ये.”

वहिनीने हातातलं ताट तिथेच टाकलं. तशीच धावत ती शेडमध्ये आली. काठावर गर्दी जमली होती, भट्टीकडचे, गोदामातले, सगळे. पलीकडच्या टोकाला वस्ताद पँट दुमडून उभा होता. त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि निघाला.

खरं सांगायचं तर तो सुंदर धावत होता. पाऊल सपाट पडत होतं, पांढऱ्यावर थाप मारल्यासारखा आवाज येत होता, आणि पाऊल उचललं की खालचा घट्ट झालेला तुकडा पुन्हा वितळून सारखा होत होता. शिट्ट्या सुरू झाल्या. त्याच्या तोंडावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं हसू होतं. पण वहिनीला हसू दिसलं नाही. तिला दिसला शर्टाच्या आत वरखाली होणारा त्याचा बरगड्यांचा सापळा, आणि उघडं तोंड. त्या तोंडाचा श्वास तिने इतक्या रात्री ऐकला होता की दुसरं काही तिला ऐकूच येईना. हाक मारायची नाही, हे तिला माहीत होतं. त्या कारखान्यात केस पिकले होते तिचे. पण माहीत असणं डोक्यात असतं आणि किंकाळी पोटातून येते.

“अहो, थांबा!”

आणि वस्ताद थांबला.

सगळ्या जन्मात ज्याने बायकोचं एक अक्षर ऐकलं नाही, तो ऐन मधोमध दोन्ही पाय जुळवून उभा राहिला आणि मान वळवून तिच्याकडे बघू लागला. काय गं, असं विचारणारा चेहरा. यंत्रांच्या घरघरीत आणि शिट्ट्यांत तिची हाक बाकी कुणाला ऐकू गेली नव्हती. मग तो जिना उतरावा तसा खाली जाऊ लागला. घोटे, पोटऱ्या, गुडघे.

पहिल्यांदा लोक हसले. मांड्या गेल्या तेव्हा हसणं बंद झालं. वस्तादने पाय उपसायला जोर लावला आणि पांढऱ्याने पाय गच्च धरला. त्याने जोर सोडला, पांढरं सैल झालं, आणि तो आणखी खाली गेला. छातीपर्यंत गेल्यावर त्याचे पाय तळाशी बसलेल्या थरात रुतले आणि तो तिथेच अडकला.

“दोर!” मुकादम ओरडला. दोर आला, वस्तादने काखेखालून घेतला, आणि चौघांनी काठावर पाय रोवून एकदम हिसका दिला. या चौघांना काय माहीत नव्हतं? रोज फावडं सोडवताना ते हळू वळवतात, हिसका देत नाहीत; नव्या पोरांना तेच शिकवतात. पण फावडं ओरडत नाही. समोर आपला माणूस बुडताना बघून सगळ्यांची अक्कल गहाण पडली. हिसका बसला तसं कुंडभर पांढरं दगडासारखं आवळलं, दोर ताणला गेला, माणूस खालीच राहिला, आणि आत काहीतरी काडकन वाजलं. वस्ताद जनावरासारखा ओरडला. चौघांनी घाबरून दुसरा हिसका दिला.

“ओढू नका!” वहिनीला एवढ्यात कंठ फुटला. “मेल्यांनो, ओढू नका, त्यांना चिरडताय तुम्ही!”

दोर सैल पडला. फिटर म्हणाला, पंप लावून कुंड उपसू या. मुकादमाने कपाळाला हात लावला. “पाणी आधी निघून जाईल रे. खाली उरेल त्याचं सिमेंट होईल.” अग्निशमनच्या गाडीला फोन गेला होता, पण तिला यायला वेळ होता. शेवटी दोन शिड्या जोडून कुंडावर आडव्या टाकल्या, वर फळ्या टाकल्या. पाण्याचा पाइप त्याच्या पायांशी हळूहळू सोडायचा, पांढरं पातळ करायचं, आणि पातळ होईल तसं बोटभर बोटभर वर घ्यायचं, एवढाच मार्ग होता. फळीवर जायला वजनाने हलकं माणूस हवं होतं. वहिनी कुणाला न विचारता रांगत निघाली.

ती पोचली तेव्हा वस्तादचे ओठ निळे पडू लागले होते. तो घाईघाईने श्वास घेत होता, आणि तिथेच सगळं अडत होतं. श्वास सोडला की पांढरं हळूच जवळ सरके, रिकामी जागा भरून टाकी. मग त्याने हपापून हवा ओढली की ते घट्ट होई आणि छातीला फुगू देईना. जितकी घाई, तितका फास.

“हळू घ्या,” ती म्हणाली. तिने त्याच्या मानेखाली हात घालून डोकं मागे टेकवलं. “माझ्याकडे बघा. चहा पिताना फुंकता ना, तसं हळू सोडा. आता हळू घ्या. अजून हळू.”

त्याने घेतला. पांढऱ्याने वाट दिली. छाती थोडी वर आली.

“बघा, जमतंय.”

“बरगडी गेली वाटतं,” तो म्हणाला.

“जाऊ दे. अजून पुष्कळ आहेत.”

तो हसायला गेला आणि कळवळला. फिटरने शिडीच्या दुसऱ्या टोकावरून पाइप खाली सोडला. पाणी गार होतं. वस्तादच्या हनुवटीला कंप सुटला. वहिनीने ओढणी काढून त्याच्या डोक्याला गुंडाळली, दुसऱ्या हाताने त्याचा गाल चोळत राहिली, आणि तोंडाने एकच पालुपद चालू ठेवलं, सोडा, घ्या, हळू. काठावर आता दोराला आठजण होते आणि मुकादम त्यांना हाताने खुणा करत होता, पण त्यांचे खांदे शिवशिवत होते. मधेच कुणाचातरी धीर सुटे, दोर ताणला जाई, आणि वस्तादचे डोळे पांढरे होत. वहिनीला त्या आठांचे हात तोडून टाकावेसे वाटले. सर्वांत जास्त मुकादमाचे. आणि मग तिला आपली हाक आठवली, आणि राग कुठे ठेवावा हेच तिला कळेना.

“अहो,” ती त्याच्या कानाशी म्हणाली, “तुम्ही थांबलात कशाला?”

“तू थांब म्हणालीस.”

“जन्मात कधी ऐकलंत माझं?”

त्याने एक श्वास हळू सोडला, एक हळू घेतला. बोलायला त्याला आता जमवून घ्यावं लागत होतं. “तुझा आवाज... काहीतरी झालं असं वाटलं. तुला.”

तिने त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. तिला रडायचं होतं, पण रडलं की श्वास चुकतो, आणि तिचा चुकला असता तर त्याचाही चुकला असता. म्हणून ती रडली नाही. सोडा, घ्या, हळू.

पाण्याने खालचं पांढरं सैल होऊ लागलं होतं. एक पाय मोकळा झाल्याचं वस्तादने डोळ्यांनी सांगितलं. फिटरने अंगठा वर केला, काठावरून कुणीतरी “आलं, आलं!” म्हणालं. वहिनीच्या मनात पहिल्यांदाच आलं की संध्याकाळी याला घरी नेऊन चांगलं फैलावर घ्यायचं.

तेवढ्यात त्याला खोकला आला.

सगळं हळू करता येतं. श्वास हळू घेता येतो, रडणं गिळता येतं, आठ माणसांना आवरता येतं. खोकला हळू करता येत नाही. पहिल्या ढासेने त्याची छाती आत गेली आणि पांढरं भरून आलं. त्याने हवा ओढली, पांढरं आवळलं. दुसरी ढास. तिसरी. “हळू,” वहिनी म्हणत होती, “हळू, अहो, हळू,” आणि त्याचे डोळे तिच्याकडे बघून सांगत होते की ऐकतोय गं, करतोय, जमत नाहीये. त्याने खरंच प्रयत्न केला. ओठ मिटून त्याने खोकला आत दाबून धरायला बघितलं. मग तिच्या हातातलं डोकं जड झालं.

ती बराच वेळ सोडा, घ्या म्हणत राहिली. फिटरने पाइप बंद केला आणि तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा गप्प झाली.

शेडमधली यंत्रंही कुणीतरी बंद केली होती. मुकादम फळीच्या टोकाशी येऊन उकिडवा बसला. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

“वहिनी, तुम्ही या काठावर. पोती उचलायच्या वरच्या साखळीला लावतो. चटकन बाहेर येईल. आता त्याला काही... दुखायचं नाही.”

“मग घाई कुणाला आहे?” वहिनी म्हणाली.

साखळी कुणी लावली नाही. पाइप पुन्हा सुरू झाला, आठजणांनी दोर धरला आणि बोटभर घेऊन थांबायचं, बोटभर घेऊन थांबायचं, असं काम सुरू झालं. आता एकाचाही हात घसरला नाही. कुणी दम सोडला नाही, कुणी ओरडलं नाही, कुणाचा दोर ताणला नाही. जिवंत माणसासाठी जो धीर एकाकडेही नव्हता, तो मेलेल्यासाठी आठांकडे भरपूर होता. आणि पांढऱ्यानेही हूं की चूं न करता त्याला सोडलं. छाती आली, कंबर आली, गुडघे आले. घट्ट दगड होऊन बसलेलं ते सगळं त्याच्या अंगावरून पाण्यासारखं गळून खाली गेलं.

त्याला काठावर निजवलं. वहिनी डोक्याशी बसली. मुकादम पायाशी बसला, वस्तादचे अनवाणी पाय मांडीवर घेतले, आणि इतका वेळ धरलेला बांध त्याचा फुटला.

“माझ्यामुळे झालं, वहिनी. मीच म्हटलं होतं धाव म्हणून. पण धावत होता ना हो नीट, अर्ध्यावर गेला होता. असा मधेच थांबला कशाला? तो कधी थांबायचा नाही.”

“मी थांबा म्हटलं म्हणून,” वहिनी म्हणाली, आणि ओल्या ओढणीचं टोक बोटावर गुंडाळून त्याच्या कानात गेलेलं पांढरं हळूहळू पुसून काढू लागली.